नानावटीला खरंच ‘ब्लिट्झ’ने सोडवलं का?

नानावटी केसचा विषय निघाला की कोणीतरी हमखास बोलतंच, की पेपरवाल्यांनी ज्यूरीचं, म्हणजे कोर्टात निकाल द्यायला बसवलेल्या साध्या नागरिकांचं, डोकं फिरवलं, ज्यूरीने खुनी माणसाला सोडून दिलं आणि म्हणून भारतातून ज्यूरी गेली. एका दमात तीन गोष्टी. व्हॉट्सअॅपवर वाचलंय, सिनेमा बघून आल्यावरच्या गप्पांत ऐकलंय, अगदी काळा कोट घालणाऱ्यांच्या तोंडूनही ऐकलंय. मी मध्ये बरेच दिवस ही केस घेऊन बसले होते, म्हणजे सुप्रीम कोर्टाचं जजमेंट, त्याआधीचं राज्यपालांच्या ऑर्डरबद्दलचं जजमेंट, असं सगळं. आणि माझं मत असं झालंय की पेपरांचा परिणाम झाला हे खरंच आहे, पण आपण समजतो तसा नाही झाला, आणि सगळ्यात जास्त जिथे झाला ती जागा ज्यूरीची नव्हतीच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन स्टोरी. कमांडर कावस माणेकशॉ नानावटी, नौदलातला मोठा अधिकारी, आयएनएस म्हैसूर या जहाजाचा सेकंड इन कमांड. बायको सिल्विया, इंग्लिश, तीन मुलं. नवरा महिनोन्महिने समुद्रावर, आणि इकडे सिल्वियाचं सूत प्रेम आहुजा नावाच्या श्रीमंत सिंधी व्यापाऱ्याशी जुळलं, तो मोटारींच्या धंद्यातला. २७ एप्रिल १९५९ ला सिल्वियाने नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. त्याने बायको-मुलांना मेट्रो थिएटरला मॅटिनीला सोडलं, जहाजावर गेला, रात्री एकट्याने गाडी चालवत अहमदनगरला जायचंय असं सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या, ब्राऊन पाकिटात घातल्या, आधी आहुजाच्या ऑफिसात गेला, तिथे तो नाही म्हटल्यावर नेपियन सी रोडजवळच्या त्याच्या फ्लॅटवर. आहुजा नुकताच अंघोळ करून टॉवेल गुंडाळून उभा होता. तीन गोळ्या. मग नानावटी स्वतःच जाऊन पोलिसांच्या स्वाधीन झाला.

ज्यूरीत नऊ जण. २१ ऑक्टोबर १९५९ ला त्यांनी आठ विरुद्ध एक असा निकाल दिला, निर्दोष. नुसतं खुनाच्या कलमातून नाही बरं का, सदोष मनुष्यवधाच्या कलमातूनही निर्दोष. म्हणजे एक माणूस दुसऱ्याच्या बेडरूममध्ये भरलेलं रिव्हॉल्व्हर घेऊन जातो, तीन गोळ्या लागून तो दुसरा मरतो, आणि कायद्याच्या दृष्टीने काहीच घडलं नाही!

आता ‘ब्लिट्झ’. रुसी करंजियांचं इंग्लिश साप्ताहिक, सनसनाटीसाठी आधीच प्रसिद्ध. या केसमध्ये त्यांनी बाजू घ्यायची सोडली नाही, ती लपवलीही नाही. नानावटी म्हणजे देखणा, देशाची सेवा करणारा, घरादारावर प्रेम करणारा, आणि आहुजा म्हणजे पैशाचा माज असलेला, दुसऱ्यांच्या बायका नासवणारा. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला जात होता असं सांगतात. फोटो पण कसे, नानावटी पांढऱ्याशुभ्र युनिफॉर्ममध्ये, छातीवर पदकं. आहुजा बिचारा काय करणार, तो तर मेलेला. त्याच्या बाजूने बोलायला बहीण होती, मॅमी, आणि तिने लक्ष ठेवायला एक तरुण सिंधी वकील लावला होता, राम जेठमलानी. हो, तेच.

मला यात सगळ्यात जास्त अडकवून ठेवलं ते टॉवेलने. नानावटीच्या बाजूचं म्हणणं होतं की मी मारायला गेलोच नव्हतो, मी फक्त विचारलं की तू सिल्वियाशी लग्न करशील का, मुलांना सांभाळशील का, तो उर्मटपणे बोलला की मी जिच्या जिच्याबरोबर झोपलो तिच्याशी लग्न करत बसू का, मग त्याने पाकिटातल्या रिव्हॉल्व्हरवर झडप घातली, झटापट झाली आणि गोळ्या सुटल्या. म्हणजे अपघात. यावर सरकारी पक्षाकडे साधा पण जबरदस्त मुद्दा होता, अंघोळ करून बाहेर आलेल्या माणसाने कमरेला नुसता टॉवेल गुंडाळलेला असताना दोन धडधाकट पुरुषांची झटापट झाली तर तो टॉवेल जागेवर राहील का? प्रेत सापडलं तेव्हा टॉवेल अंगावर तसाच होता. सुटला नव्हता, घसरला नव्हता. घरी करून बघा, म्हणजे झटापट नको, नुसतं टॉवेल लावून वाकून काहीतरी उचला, कळेल.

तर हा टॉवेल म्हणजे सरकारी पक्षाचा खणखणीत पुरावा. आणि रस्त्यावर काय झालं? फेरीवाले ‘आहुजा टॉवेल’ म्हणून टॉवेल विकत होते, आणि शेजारी ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’ म्हणून खेळण्यातली पिस्तुलं. मुंबईच्या फेरीवाल्याला सलाम, पण बघा काय झालं ते. जी वस्तू सांगत होती की झटापट झालीच नाही, तीच वस्तू लोकांच्या डोक्यात आहुजाच्या लंपटपणाची खूण होऊन बसली. भर दुपारी टॉवेलवर फिरणारा माणूस! पुरावा कोणी खोटा पाडला नाही, नाकारला नाही, नुसता त्याचा अर्थ बदलला. पेपरचा परिणाम म्हणतात तो हा, असं मला वाटतं. ‘हा निर्दोष आहे’ असं पेपर ज्यूरीच्या कानात सांगत नाही, तो फक्त प्रश्न बदलतो. कोर्टात प्रश्न होता की झटापट झाली का, राग अचानक आला होता का, मधल्या वेळात तो शांत होऊ शकला असता का. बाहेर प्रश्न होता की या दोघांत चांगला माणूस कोण. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर एकच होतं, आणि आठ जणांनी बहुतेक तेच दिलं.

आणि यात कायद्याने स्वतःच दार किलकिलं ठेवलेलं होतं हे कोणी फारसं बोलत नाही. गंभीर आणि अचानक प्रक्षोभ असा एक अपवाद आहे, त्यात खून हा खून राहत नाही, खालच्या कलमात जातो. पण प्रक्षोभ झाला की नाही हे मोजायचं कशाने? तर आरोपीच्याच समाजातल्या, त्याच्यासारख्याच परिस्थितीतल्या साधारण समंजस माणसाचा तोल गेला असता का, या मापाने. आता हा ‘साधारण समंजस माणूस’ काय कोर्टात साक्षीला येत नाही, तो ज्यूरीने आपल्या मनात उभा करायचा. आणि तुम्ही सहा महिने रोज लोकलमध्ये, इराण्याकडे, ऑफिसात, घरी जेवताना एकच ऐकताय की कुठलाही मर्द हेच करेल, तर तुमच्या मनात तो माणूस कसा उभा राहणार? सुप्रीम कोर्टाने मात्र घड्याळ पुढे ठेवलं. दीड वाजता घरातून निघालास, चार वीसला गोळ्या झाडल्यास, मध्ये जवळजवळ तीन तास, थिएटर झालं, जहाज झालं, रिव्हॉल्व्हरसाठी रचून सांगितलेलं कारण झालं, ऑफिस झालं. यात ‘अचानक’ कुठे बसतं? नाहीच बसत.

आता जी गोष्ट सांगायला मी हे लिहायला बसले ती. निकाल ऐकून सेशन्स जज मेहतांनी काय केलं? त्या काळच्या कायद्यात सोय होती, ज्यूरीचा निकाल जजला अजिबात पटला नाही तर प्रकरण हायकोर्टाकडे पाठवता यायचं. मेहतांनी ते पाठवलं, लिहिलं की या पुराव्यावर समंजस माणसं असा निकाल देऊच शकत नाहीत. हायकोर्टात न्यायमूर्ती शेलत आणि नाईक यांनी ज्यूरीचा निकाल बाजूला सारला आणि ११ मार्च १९६० ला नानावटीला जन्मठेप दिली. २४ नोव्हेंबर १९६१ ला सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. आणि ज्यूरी चुकली कशामुळे? तर कोर्टांनी बोट ठेवलं ते जज मेहतांवरच! जजने ज्यूरीला कायदा नीट समजावून सांगितला नाही. अपघाताचा बचाव घेतला तर तो सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर असते हे सांगितलं नाही, प्रक्षोभाच्या कायद्यातल्या अटी धड सांगितल्या नाहीत, सिल्वियाची आहुजाला लिहिलेली पत्रं पुरावा म्हणून ज्यूरीपुढे नीट ठेवली नाहीत, गोळ्या झाडल्यावर नानावटी बिल्डिंगच्या वॉचमनशी आणि मग नौदलातल्या अधिकाऱ्याशी जे बोलला ते ठेवलं नाही. म्हणजे कागदोपत्री निकाल फिरला तो ‘ब्लिट्झ’मुळे नाही, जजच्या भाषणातल्या चुकांमुळे.

मग पेपरांचा काही संबंधच नव्हता का? होता, पण तो सिद्ध करायला कोणी बसलंच नाही. ज्यूरीत बसायच्या आधी प्रत्येकाला तासतासभर विचारायचं की तुम्ही काय वाचलंय, काय मत झालंय, असं आपल्याकडे होत नव्हतं, अमेरिकेत होतं तसं. त्यामुळे त्या नऊ जणांच्या डोक्यात काय होतं हे आज कोणालाच सांगता येणार नाही, आणि जो एक जण विरोधात गेला तोही याच मुंबईत हेच पेपर वाचत होता ना!

गंमत बघा, त्याच १९६१ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे नेमका हाच प्रश्न आला होता. इंडियाना राज्यात लेस्ली आयर्विन नावाच्या माणसावर सहा खुनांचा आळ, पेपरांनी त्याला पिसाळलेला कुत्रा म्हणून टाकलेलं, त्याने कबुली दिल्याच्या बातम्या आधीच छापून आलेल्या. ज्यूरी निवडताना ४३० लोकांना बोलावलं, त्यातल्या २६८ जणांना घरी पाठवावं लागलं कारण त्यांचं मत आधीच पक्कं झालेलं. शेवटी जे बारा बसले त्यातले आठ जण पण सांगत होते की आम्हाला वाटतं हा दोषी आहे, पण आम्ही निष्पक्षपणे ऐकू. कोर्टाने म्हटलं की हे लोक मनापासून बोलत असतील, पण इतक्या जणांनी इतक्यांदा आधीच दोषी मानलेलं असताना अशा शब्दाला फार किंमत देता येत नाही, आणि शिक्षा रद्द केली. मग खटला परत झाला, आयर्विन परत दोषी ठरला, ते वेगळं.

‘मी निष्पक्ष राहीन’ या वाक्याबद्दल माझ्या मावसभावाने मला फोनवर छान सांगितलं होतं. तो न्यू जर्सीत असतो, नागरिकत्व घेतल्यावर त्याला ज्यूरी ड्युटीचं बोलावणं आलं. म्हणाला, अगं जज विचारतात की या केसबद्दल काही ऐकलंय का, आणि ऐकलं असेल तर ते बाजूला ठेवू शकाल का. सगळ्यांनी माना हलवल्या. ‘आता भरल्या कोर्टात कोण उठून म्हणणार आहे की मला नाही बाबा जमणार?’ त्याला शेवटी घेतलंच नाही, पार्किंगचे पैसे मात्र गेले असं तो अजून म्हणतो.

या विषयावर मानसशास्त्रवाल्यांनी बरंच काम केलंय आणि ते वाचून मला जरा भीतीच वाटली. नॅन्सी स्टेब्ले आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तोवरचे ४४ प्रयोग एकत्र करून बघितले, तर आरोपीविरुद्ध बातम्या वाचलेले लोक त्याला दोषी ठरवण्याकडे जास्त झुकतात हे दिसलं. एवढं तर आपणही सांगू शकलो असतो. पण १९९० मध्ये क्रेमर, कर आणि कॅरोल यांनी केलेला प्रयोग बघा. लुटपुटीच्या ज्यूरीला त्यांनी दोन प्रकारच्या बातम्या दाखवल्या, एका प्रकारात कोरडी माहिती, आरोपीचं जुनं रेकॉर्ड वगैरे, दुसऱ्यात नुसतं पोटात कालवणारं, भावनेला हात घालणारं. जजने ‘हे विसरा’ सांगून फरक पडला नाही. काही दिवस जाऊ दिले तर कोरड्या माहितीचा परिणाम ओसरला, पण भावनेचा नाही ओसरला. आणि कहर म्हणजे बारा जण एकत्र बसून चर्चा करतील तर एकमेकांचे पूर्वग्रह काढून टाकतील अशी जी आपली समजूत आहे ना, तसं झालं नाही, चर्चेने उलट ते वाढले! सोसायटीच्या मीटिंगचा अनुभव असलेल्या कोणालाही यात नवल वाटू नये.

पुढे ख्रिस्टीन रुवा नावाच्या संशोधक बाईंनी आणखी एक गोष्ट दाखवली, की माणसाला ऐकलेलं लक्षात राहतं पण कुठे ऐकलं ते राहत नाही. पेपरात वाचलेली गोष्ट साक्षीदाराच्या तोंडून कोर्टात ऐकली होती असं ज्युरर शपथेवर सांगतील, आणि ते खोटं बोलत नसतात. मग ‘वाचलेलं बाजूला ठेवा’ या सूचनेला अर्थ काय उरतो? काय बाजूला ठेवायचं हेच माहीत नाही. त्यांच्याच प्रयोगांत हेही दिसलं की आरोपीच्या बाजूच्या बातम्यांचाही असाच परिणाम होतो, त्याच्याबद्दल चांगलं वाचलं असेल तर लोक त्याला सोडायला बघतात. बहुतेक सगळी चर्चा आरोपीला पेपरांनी कसं फासावर चढवलं याची असते, म्हणून मला नानावटी केस महत्त्वाची वाटते, ही उलट्या बाजूची आहे. इथे आरोपीचा हक्क मारला गेला नाही, मारला गेला तो मेलेल्या माणसाचा आणि त्याच्या बहिणीचा, आणि त्याच्यासाठी कायद्यात फारसे शब्दच नाहीत.

मग उपाय काय? खटला दुसऱ्या गावी न्या, असं सांगतात. तेही करून बघितलंय. लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी रॉडनी किंग या काळ्या माणसाला मारहाण करतानाची व्हिडिओ टेप जगभर दाखवली गेली, म्हणून खटला शेजारच्या काउंटीत, सिमी व्हॅलीला हलवला. तिथल्या ज्यूरीत एकही काळा माणूस नव्हता. २९ एप्रिल १९९२ ला निकाल आला, एका आरोपाचा अपवाद सोडला तर पोलीस सुटले, आणि लॉस एंजेलिस पेटलं. बातमीपासून पळायला गेले आणि ज्यूरीच बदलून बसली. अलीकडे पोलिसाच्या हातून मेलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या केसमध्ये खटला मिनियापोलिसमध्येच ठेवला, तर ज्यूरी निवडणं चालू असतानाच शहराने फ्लॉइडच्या घरच्यांना २ कोटी ७० लाख डॉलर देऊ केल्याची बातमी आली, आणि जजना आधीच निवडलेल्या ज्युररना परत बोलावून विचारावं लागलं, त्यात दोघे जण गळले. ती दोघंच प्रामाणिक होती म्हणायचं का?

आपल्याकडे ज्यूरी म्हटलं की नानावटीच आठवतो, पण मराठी माणसाला त्याआधी दोन ज्यूरी आठवायला हव्यात. दोन्ही टिळकांच्या. १८९७ चा राजद्रोहाचा खटला, रँडच्या खुनानंतर मुंबईतले अँग्लो-इंडियन पेपर टिळकांवर तुटून पडले होते, त्यांच्या लिखाणाचा आणि खुनाचा संबंध जोडत होते. ज्यूरीत सहा युरोपियन, तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन, दोषी. १९०८ ला परत, सात युरोपियन आणि दोन पारशी, निकाल सात विरुद्ध दोन, दोषी. लेख ‘केसरी’तले, म्हणजे मराठीतले, आणि निकाल देणाऱ्या बहुतेकांना ते वाचता येत नव्हते! न्यायमूर्ती दावर, ज्यांनी १८९७ मध्ये वकील म्हणून टिळकांना जामीन मिळवून दिला होता त्यांनीच १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा सुनावली, आणि मग गिरण्यांमध्ये सहा दिवसांचा संप झाला, हे आपल्याला शाळेत असतं. पण त्या सात जणांना पेपरांनी बिघडवलं असं म्हणायची गरजही पडत नाही, ते ज्या क्लबात बसत होते, जे पेपर वाचत होते, ज्यांच्यात उठत-बसत होते तिथेच मत तयार झालेलं. मला तर वाटतं की पेपर आणि पूर्वग्रह या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून बघणंच चुकतं. ‘ब्लिट्झ’ने मुंबईकरांच्या मनात नवीन काही घातलं नाही, नवरा, बायको, इज्जत याबद्दल जे होतंच त्याला हेडलाइन दिली.

आता राहिली मी सुरुवातीला म्हटलेली जागा. ११ मार्च १९६०, हायकोर्टाने जन्मठेप दिली त्याच दिवशी मुंबईचे राज्यपाल श्रीप्रकाश यांनी ऑर्डर काढली की सुप्रीम कोर्टातल्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा स्थगित, आणि नानावटीला साध्या तुरुंगात न ठेवता नौदलाच्या ताब्यात, आयएनएस कुंजलीवर ठेवा. त्याच दिवशी! यशवंतराव मुख्यमंत्री, नेहरू पंतप्रधान, आणि नानावटी एके काळी लंडनमध्ये कृष्ण मेननांच्या हाताखाली काम केलेला, मेनन तेव्हा संरक्षणमंत्री. वॉरंट घेऊन गेलेले लोक हात हलवत परत. त्यावर कोर्टं, वकील खवळले, आणि दुसरीकडे, नानावटी पारशी म्हणून, सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये राज्यपालांच्या पाठिंब्यासाठी पारशी समाजाची मोठी सभा झाली, आत जागा नाही म्हणून बाहेरही गर्दी. (आता तिथे आर्ट गॅलरी आहे, शांतपणे चित्रं बघता येतात.) सप्टेंबर १९६० मध्ये सुप्रीम कोर्टाने बहुमताने सांगितलं की प्रकरण आमच्यापुढे असताना राज्यपालांना असं मध्ये पडता येणार नाही. मग नानावटी तुरुंगात गेला, पण ‘ब्लिट्झ’ थांबलं नाही, माफीसाठी मोहीम चालूच. आणि १९६४ मध्ये तेव्हाच्या राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. एकट्या नानावटीला दिली तर सिंधी समाज चिडेल म्हणून भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यालाही, जो स्वातंत्र्यलढ्यातला होता आणि आयात परवान्याच्या प्रकरणात अडकला होता, त्याच सुमारास माफी. आणि मॅमी आहुजाकडून लेखी संमती घेतली, जेठमलानींच्या मार्फत. तिच्यावर काय दबाव होता याची कल्पना आपणच करायची.

म्हणजे हिशोब बघा. ज्यूरीचा निकाल पाच महिन्यांत रद्द झाला. हायकोर्टाचे दोन न्यायमूर्ती, सुप्रीम कोर्टाचे तीन, कोणीही ‘ब्लिट्झ’कडे ढुंकून बघितलं नाही, पुरावा बघितला. व्यवस्थेने आपली चूक दुरुस्त केली. जो परिणाम टिकला तो राजभवनातला, तिथे ना उलटतपासणी, ना शपथ, ना कोणी विचारणारं की साहेब तुम्ही काय वाचलंय. करंजियांना नऊ ज्युररपेक्षा हा एकच ज्युरर पुरेसा होता. नानावटी बायको-मुलांना घेऊन १९६८ ला कॅनडाला गेला आणि तिथेच २००३ मध्ये वारला.

आणि ‘या केसमुळे ज्यूरी गेली’ हे तर सरळ चूक. लॉ कमिशनने १९५८ मध्येच, म्हणजे गोळ्या झाडल्या जायच्या आधीच, ज्यूरी बंद करा अशी शिफारस केलेली होती. देशाच्या बऱ्याच भागांत ती कधी आलीच नव्हती. नानावटीनंतरही काही ठिकाणी ती चालू होती, १९७३ च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा राहिली नाही. तरीही ती दंतकथा मरत नाही, कारण स्टोरी म्हणून ती झकास आहे, आणि आपल्यापर्यंत ती कोणी पोचवली? पेपरांनी, नंतर सिनेमांनी.

आता ज्यूरी नाही, मग चॅनेलवाले कोणासाठी ओरडतात? जज ट्रेन झालेले असतात, त्यांच्यावर परिणाम होत नाही असं म्हणायची पद्धत आहे. लॉ कमिशनच्या २००६ च्या रिपोर्टमध्ये मात्र असं गृहीत धरू नका असाच सूर आहे. सुशांतसिंग राजपूत प्रकरणात तर रात्री नऊला स्टुडिओत कोर्ट भरायचं, हातात व्हॉट्सअॅप चॅटचे स्क्रीनशॉट, आरोपी ठरवून मोकळे. शेवटी १८ जानेवारी २०२१ ला मुंबई हायकोर्टाने चॅनेलांना काय दाखवू नये ते बजावलं, आत्महत्येच्या प्रकरणात मृत माणसाला दुबळा म्हणून रंगवणं, घटना परत उभी करून दाखवणं, आरोपीने पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा असल्यासारखा दाखवणं, असं बरंच. निकाल चांगला आहे, मुळातून वाचा. पण मला त्यात सतत वाटत राहिलं की न्यायाधीशांचं सोडा, साक्षीदारांचं काय? साक्षीदार पण टीव्ही बघतो. तपास करणारा इन्स्पेक्टर बघतो, त्याच्या वरचा साहेब बघतो, साहेबाच्या वरचा मंत्री बघतो. कोणाला अटक करायची, कोणाला नाही, जामिनाला विरोध करायचा की नाही, हे सगळं खटला उभा राहायच्या आधी ठरतं आणि ते ठरवणाऱ्यांना कोणीही ‘तुम्ही निष्पक्ष राहाल का’ असं विचारत नाही.

जाता जाता एक, भारतातून ज्यूरी पूर्ण गेलेली नाहीये. पारशी लोकांच्या घटस्फोटाच्या केसेस अजूनही मुंबई हायकोर्टात जजबरोबर समाजातले पाच डेलिगेट्स बसून ऐकतात, त्यांच्या १९३६ च्या कायद्यात तसं आहे. करंजिया पारशी, नानावटी पारशी, सभा भरवणारे पारशी, आणि ज्यूरी उरली ती पण त्यांच्याकडेच. यावर एखादी पारशी मैत्रीण जास्त सांगू शकेल, कोणी वाचत असाल तर लिहा खाली.